चिमणीपलीकडचा वारसा : सोलापूरचे श्रमजीवन आणि महाविद्यालयीन अध्यापन – एक चिकित्सा

सारांश

सोलापूर शहराच्या औद्योगिक वारशाचे अध्यापन महाविद्यालयीन पातळीवर प्रायः बंद पडलेल्या कापड गिरण्यांपुरते मर्यादित राहते. औद्योगिक भेट, प्रकल्पवही आणि गौरवपर निबंध या तीन रूढ प्रकारांतून विद्यार्थ्यांसमोर येणारा वारसा हा वास्तूंचा व संस्थापकांचा वारसा असतो. प्रत्यक्ष काम व त्यातील स्थित्यंतर त्याच्या कक्षेबाहेर राहते. प्रस्तुत लेखात या अध्यापनपद्धतीची चिकित्सा केली असून, उपलब्ध मुद्रित साधनांचे वर्गात वाचन कसे करता येईल, विद्यार्थ्यांच्या घरातील श्रमाचा इतिहास अभ्यासविषय कसा होऊ शकतो आणि तसे करताना कोणती पथ्ये पाळावी लागतात, याचा विचार मांडला आहे.

बीजसंज्ञा : औद्योगिक वारसा, श्रमजीवन, मौखिक इतिहास, यंत्रमाग, बिडी उद्योग, क्षेत्रीय प्रकल्प.

प्रस्तावना

सोलापुरातील अनेक महाविद्यालयांच्या कार्यालयात दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. त्यांपैकी काही अर्जांना विद्यार्थ्याच्या आईच्या बिडी कामगार ओळखपत्राची प्रत जोडलेली असते. बिडी कामगारांच्या पाल्यांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती योजना आहे आणि या शहरात तिचा लाभ घेणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ओळखपत्राची ती प्रत कार्यालयात तपासली जाते, तिच्यावर शिक्का बसतो आणि ती फाइलमध्ये जाते. त्याच इमारतीत इतिहासाच्या तासाला 'सोलापूरचा औद्योगिक विकास' हा घटक शिकविला जातो. तेथे मात्र त्या ओळखपत्राला प्रवेश नसतो. विद्यार्थी १८७७ साली सुरू झालेल्या पहिल्या गिरणीचे नाव पाठ करतो, परंतु आपली आई ज्या उद्योगात तीस वर्षे काम करीत आहे तो उद्योग इतिहासाचा भाग आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

कार्यालय आणि वर्ग यांच्यातील हे अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय. स्थानिक औद्योगिक वारसा विद्यार्थ्यांना शिकवावा, याविषयी आज फारसे दुमत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक प्राप्त झाले आहेत. २००४ मध्ये केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले; २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेल्या विद्यापीठात स्थानिक अभ्यासक्रम रचण्याचे जे स्वातंत्र्य मिळते ते इतरत्र क्वचितच लाभते. म्हणजे अवकाश उपलब्ध आहे. त्या अवकाशात काय शिकविले जाते आणि काय वगळले जाते, हा खरा प्रश्न आहे.

रूढ वारसाकल्पनेची मर्यादा

सोलापूरच्या औद्योगिक इतिहासाची सर्वपरिचित मांडणी पुढीलप्रमाणे आहे. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. पुढे तिलाच 'जुनी गिरणी' हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्यांची भर पडली. वारद घराण्याने बांधलेले इंद्रभुवन आज महानगरपालिकेची वास्तू म्हणून उभे आहे. पुढे जुनी गिरणी साठच्या दशकात आणि लक्ष्मी-विष्णू गिरणी नव्वदच्या दशकात बंद झाली. गिरण्यांचे युग संपले. यानंतर 'सोलापुरी चादर' हे एक गौरवाचे प्रकरण जोडले जाते आणि २००५-०६ मध्ये चादर व टॉवेल यांना मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकाचा उल्लेख करून घटक पूर्ण केला जातो.

या मांडणीत चुकीचे असे काही नाही. तिच्यात उणीव आहे ती कामाची. गिरणी कोणी काढली, ती केव्हा बंद पडली, तिची चिमणी किती उंच होती, ही माहिती मिळते. परंतु त्या चिमणीखाली दिवसाचे किती तास, कोणत्या खात्यात, कोण काम करीत होते, कोणाच्या हाताखाली करीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर ते कोठे गेले, याविषयी मौन असते. त्यामुळे उद्योगाचा इतिहास म्हणजे उद्योजकांचा इतिहास आणि औद्योगिक वारसा म्हणजे पडक्या भिंती, असे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात दृढ होते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ही मर्यादा केव्हाच लक्षात आली आहे. औद्योगिक वारशासंबंधीची २००३ ची निझनी तागिल सनद प्रामुख्याने वास्तू, यंत्रे व स्थळे यांच्याविषयी बोलत असली, तरी उद्योगाशी संबंधित निवासस्थाने व सामाजिक स्थळे तिने वारशात समाविष्ट केली होती. २०११ च्या डब्लिन तत्त्वांनी याहून पुढचे पाऊल टाकले. तांत्रिक ज्ञान, कामाची व कामगारांची संघटना आणि उद्योगाने घडविलेले समाजजीवन हा अमूर्त भागही वारसा होय, असे त्यांत मान्य केले गेले. ही भूमिका स्वीकारली तर सोलापुरातील वारसास्थळांची यादी आमूलाग्र बदलते. गिरणीच्या आवाराबरोबरच साखरपेठ, दाजीपेठ, अशोक चौक या परिसरातील माग असलेली घरे, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहत, विडी घरकुल आणि बिडी कारखान्यांच्या शाखा यांचाही तिच्यात समावेश करावा लागतो. शिवाय यांतील बरीच स्थळे 'बंद' झालेली नाहीत. तेथे आजही काम चालू आहे.

वारसा आणि चालू वर्तमान यांच्यात रेषा ओढण्याची सवय किती घातक ठरू शकते, याचे उदाहरण अलीकडचेच आहे. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल तयार करणाऱ्या एका कारखान्याला आग लागून मालकाच्या कुटुंबीयांसह आठ जणांचा मृत्यू झाला. कारखान्याच्या आवारातच वस्ती होती. ज्या टॉवेलला भौगोलिक निर्देशांक लाभल्याचे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत अभिमानाने लिहितो, तो टॉवेल तयार होण्याच्या जागेची ही एक बाजू आहे. निर्देशांक वस्तूच्या उगमाला संरक्षण देतो. ती विणणाऱ्याच्या वेतनाविषयी वा सुरक्षिततेविषयी तो काही सांगत नाही. हा भेद वर्गात स्पष्ट होत नसेल, तर वारशाचे अध्यापन आणि उत्पादनाची जाहिरात यांच्यात फारसे अंतर उरत नाही.

तीन रूढ प्रकार आणि त्यांचे मूल्यमापन

पहिला प्रकार औद्योगिक भेटीचा. चाळीस-पन्नास विद्यार्थी एखाद्या कारखान्यात जातात, व्यवस्थापक माहिती सांगतो, विद्यार्थी ती टिपून घेतात आणि अखेरीस समूहचित्र काढले जाते. माहिती देणारा बहुधा व्यवस्थापनाचाच प्रतिनिधी असतो आणि मागावर उभा असलेला कामगार दृश्याचा भाग बनून राहतो. मागाच्या आवाजात संभाषण अशक्य असते हे खरे. परंतु पाळी संपल्यावर संभाषण शक्य असते, आणि त्या वेळेपर्यंत विद्यार्थ्यांची बस निघून गेलेली असते.

दुसरा प्रकार प्रकल्पवहीचा. याबाबतीत पर्यावरण अभ्यासाच्या सक्तीच्या विषयाचा अनुभव बोलका आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३ च्या सुमारास पदवी स्तरासाठी जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात स्थानिक परिसराची पाहणी हा स्वतंत्र घटक होता. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात त्या पाहणीचे रूपांतर एका ठराविक वहीत झाले. एका वर्षीची वही पुढील वर्षी नव्या मुखपृष्ठासह सादर होऊ लागली, हे बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक आहे. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांवर टाकता येणार नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच निश्चित आहे, त्याची पाहणी करण्यास कोणी प्रवृत्त होत नाही. नव्या क्षेत्रीय प्रकल्पांनाही हाच धोका आहे. 'सोलापूरचा वस्त्रोद्योग : एक अभ्यास' असे शीर्षक दिले की वही कोठून उतरवावयाची हे विद्यार्थ्याला लगेच कळते. 'आमच्या घरातील तीन पिढ्यांचे काम' असे शीर्षक दिले, तर ती वही दुसऱ्या कोणाची असू शकत नाही.

तिसरा प्रकार गौरवपर निबंधाचा व स्मरणाचा. सोलापूरच्या मार्शल लॉचा इतिहास येथे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. मे-जून १९३० मधील लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना झालेली फाशी यांचे स्मरण दरवर्षी होते. पुण्याला जाणाऱ्या 'हुतात्मा एक्स्प्रेस'च्या नावातही ते आहे. परंतु 'गझनफर' या पत्राचे संपादक असलेले कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे कार्यकर्ते होते, ही बाब स्मरणातून जवळजवळ गळून पडली आहे. राष्ट्रीय चळवळीचे शहर आणि कामगारांचे शहर ही दोन शहरे वेगळी नव्हती. पाठ्यक्रमाने त्यांना वेगळे केले. रोजगारासाठी त्याच गाडीने पुण्याकडे जाणाऱ्या तरुणाला हा दुवा माहीत असता, तर त्याच्या प्रवासालाही इतिहासात एक जागा मिळाली असती.

मुद्रित साधने : कोण बोलते, कोण बोलत नाही

श्रमजीवनाचा इतिहास शिकवावयाचा तर साधने कोठे आहेत, असा आक्षेप घेतला जातो. सोलापूरच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. दख्खनमधील फार थोड्या शहरांची इतकी बारकाईने पाहणी झाली असेल. १८८४ च्या सोलापूर जिल्हा गॅझेटियरमध्ये विणकर समाजांची व त्यांच्या व्यवसायाची तपशीलवार नोंद आहे. मुंबई सरकारच्या श्रम कार्यालयाने सोलापुरातील गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी करून तिचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने तीसच्या दशकाच्या अखेरीस केलेल्या पाहण्यांच्या आधारे धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराविषयीचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रकाशित झाला. अलीकडच्या काळात मंजिरी कामत यांनी दोन महायुद्धांदरम्यानच्या सोलापुरातील कामगार व राष्ट्रवाद यांच्या संबंधांचा अभ्यास केला आहे, तर डग्लस हेन्स यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारतातील लहान शहरांच्या भांडवलशाहीचा विचार करताना सोलापूरच्या विणकरांना महत्त्वाचे स्थान दिले आहे.

ही साधने ग्रंथालयातील संदर्भसूचीत असतात. वर्गातील वाचनात नसतात. तेथे ती आणली तर पहिला प्रश्न विचारता येतो तो असा की, या मजकुरात कोण बोलत आहे? जमाखर्चाचा अहवाल कामगार धान्यावर, भाड्यावर, व्याजावर किती खर्च करतो हे सांगतो. ते प्रश्न शासनाचे आहेत. आपल्या कामाविषयी कामगाराला काय वाटते, हा त्या पाहणीचा प्रश्नच नव्हता. विद्यार्थ्याने तोच जमाखर्चाचा तक्ता घेऊन आजच्या एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या घरचा खर्च मांडला आणि त्याच्या जोडीला तक्त्यात न बसणारे दोन प्रश्न विचारले, तर साधनाची उपयुक्तता आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्या ध्यानात येतील.

याहून अधिक उद्बोधक साधन न्यायनिर्णयांचे आहे. २७ ऑगस्ट १९४९ रोजी जुनी गिरणी बंद झाली. जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून व पुढे त्याच वर्षी कायदा करून केंद्र सरकारने तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. कंपनीचे एक भागधारक चिरंजितलाल चौधरी यांनी या कायद्याला आव्हान दिले. ४ डिसेंबर १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांची याचिका फेटाळली. त्यानंतर द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने तोच कायदा संपत्तीच्या हक्काच्या मुद्द्यावर रद्दबातल ठरविला, आणि १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती होण्यामागे ज्या निर्णयांची पार्श्वभूमी होती त्यांत या निर्णयाची गणना होते. देशातील प्रत्येक विधि महाविद्यालयात समतेच्या व संपत्तीच्या हक्कांच्या संदर्भात हे दोन खटले शिकविले जातात. परंतु हा कायदा आपल्या शहरातील एका गिरणीसाठी झाला होता, हे सोलापुरातील कला शाखेच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

या निर्णयांचे वाचन वर्गात करताना एक बाब ठळकपणे समोर येते. खटल्यात भागधारक आहेत, संचालक आहेत, सरकार आहे. कामगार मात्र पक्षकार नाहीत. कायद्याच्या उद्देशिकेत गंभीर बेकारीचा जो उल्लेख आहे, तेवढ्यातच त्यांचे अस्तित्व सामावलेले आहे. ज्यांच्या नावाने कायदा झाला ते त्या कायद्याच्या चर्चेत बोलत नाहीत. मुद्रित साधनातील हे मौन विद्यार्थ्याला स्वतः सापडले, तर मौखिक इतिहासाची गरज त्याला वेगळी पटवून देण्याचे कारण उरत नाही. १९४९ ची आठवण सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. नव्वदच्या दशकातील गिरणीबंदी अनुभवलेली पिढी अद्याप हयात आहे; तीही वृद्धत्वाकडे झुकली आहे. या कामाला मुदत आहे आणि ती अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेची वाट पाहणारी नाही.

कागद असणे आणि नसणे

स्वीडिश लेखक स्वेन लिंडक्विस्ट यांनी १९७८ मध्ये 'जेथे उभे आहात तेथेच खणा' अशा आशयाच्या शीर्षकाचे एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. सिमेंट उद्योगाचे उदाहरण घेऊन, कामगाराने स्वतःच्या कामाच्या ठिकाणाचा इतिहास कसा शोधावा, हे त्यात सांगितले आहे. आपल्या कामाचा तज्ज्ञ कामगार स्वतःच असतो, हे त्यामागील सूत्र होय. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला मुंबईच्या गिरणगावाचा मौखिक इतिहास हे याच दिशेचे मराठी मुलखातील महत्त्वाचे काम आहे. मात्र मुंबईचे प्रारूप सोलापुरास जसेच्या तसे लावता येत नाही. मुंबईत १९८२ च्या संपाने काळाची स्पष्ट विभागणी केली आणि पुढे गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न केंद्रस्थानी आला. सोलापुरात गिरण्या एकेक करून, अनेक दशकांच्या अंतराने बंद झाल्या. काम मात्र शहरातच राहिले. ते गिरणीतून यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि घराघरांत विखुरले. हे विखुरणे हाच सोलापूरच्या श्रमजीवनातील मध्यवर्ती बदल आहे.

हा बदल घरातील कागदांवरून वाचता येतो. गिरणीत काम केलेल्या आजोबांच्या पेटीत हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीची पावती, युनियनची वर्गणी भरल्याची नोंद यांपैकी काहीतरी सापडण्याची शक्यता असते. यंत्रमागावर मीटरच्या हिशोबाने काम केलेल्या वडिलांच्या नावे असा एकही कागद नसतो. लहान लहान युनिटांत विभागणी करून कारखाना कायद्याची कक्षा टाळली जाते, हा कामगार संघटनांचा जुना आक्षेप येथे आकडेवारीवाचून समजतो. आईजवळ मात्र ओळखपत्र असते. १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा यांमुळे घरबसल्या बिड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार म्हणून ओळख मिळाली. ही ओळख टिकविण्यासाठी संघटनांना दीर्घकाळ झगडावे लागले. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली, २००६ मध्ये हस्तांतरित झालेली दहा हजार घरांची महिला बिडी कामगार वसाहत हे त्या संघटनशक्तीचेच दृश्य रूप आहे. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची आखणी झाली व त्यातील पंधरा हजार घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये झाले. कल्याण निधीसाठी आकारला जाणारा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या अंमलबजावणीबरोबर संपुष्टात आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. म्हणजे ज्या चौकटीत ते ओळखपत्र निर्माण झाले ती चौकटच बदलली आहे. कार्यालयातील फाइलमध्ये गेलेली प्रत आता एका संक्रमणाचा दस्तऐवज ठरते.

आजोबांकडे कागद, वडिलांकडे कागदाचा अभाव आणि आईकडे ओळखपत्र, एवढ्या तुलनेतून श्रमाच्या औपचारिकतेची व अनौपचारिकतेची संकल्पना विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाशिवाय समजू शकते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि विधी या चारही विषयांना येथे सामाईक भूमी मिळते. बहुविद्याशाखीय अभ्यास ज्याला म्हणतात, तो याहून वेगळा असण्याचे कारण नाही.

भाषेचा प्रश्न

सोलापुरात श्रमाची भाषा एक नाही. पद्मशाली कुटुंबांच्या घरात तेलुगू बोलली जाते, शहराच्या अन्य भागांत कन्नड व दखनी उर्दू आहे, आणि प्रकल्प मराठीत किंवा इंग्रजीत लिहावयाचा असतो. आजीने तेलुगूत सांगितलेला अनुभव नात मराठीत उतरविते तेव्हा बरेच काही गळते. विशेषतः हत्यारांची, हालचालींची आणि चुकांची नावे. मराठीतील 'माग', कन्नडमधील 'मग्ग' आणि तेलुगूतील 'मग्गम' हे शब्द शेजारी शेजारी ठेवले तरी या शहराच्या घडणीविषयी काही सांगून जातात. धोटा, कांडी, बीम, फणी यांसारख्या शब्दांबरोबर कोणत्या घरात कोणता शब्द वापरला जातो याचा लहानसा कोश भाषा विभागाच्या विद्यार्थ्यांना तयार करता येईल. शाखेत बिड्या तपासताना बाजूला काढल्या जाणाऱ्या 'छाट' मालाचा हिशोब ज्या शब्दांत सांगितला जातो, त्या शब्दांत वेतनकपातीचा संपूर्ण इतिहास असतो. तो प्रमाण भाषेत भाषांतरित करण्यापूर्वी मूळ शब्दात नोंदविला जाणे आवश्यक आहे.

पथ्ये आणि आक्षेप

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात आणि त्यांची दखल घेणे क्रमप्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा की, विद्यार्थ्याच्या घरच्या कष्टांना वर्गात आणणे म्हणजे त्याची गरिबी चव्हाट्यावर मांडणे होय. हा आक्षेप गंभीर आहे. आईच्या कामाविषयी संकोच बाळगणारा विद्यार्थी काल्पनिक नाही. म्हणून स्वतःच्या घराचा अभ्यास हा पर्याय असावा, सक्ती असू नये. ज्याला नको असेल त्याने अन्य कुटुंबाचा, संमती घेऊन, अभ्यास करावा. नावे बदलावीत, लिहिलेला मजकूर प्रथम सांगणाऱ्यास वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी राहावी. सांगणाऱ्याच्या कामाच्या वेळेचा हिशोबही ठेवावा लागतो. हजारी दराने मजुरी मिळविणाऱ्या स्त्रीचा एक तास घेणे म्हणजे तिच्या मजुरीतून काही बिड्या वजा करणे होय. मुलाखत घेणाऱ्याने हात धुऊन बाजूला बसून पाने कातरण्यास मदत केली, तर मुलाखतही चांगली होते आणि कामही अडत नाही.

दुसरा आक्षेप गतकाळाच्या उदात्तीकरणाचा आहे. यंत्रमागाच्या अस्थिरतेच्या तुलनेत गिरणीचा काळ सुवर्णयुग वाटू लागतो. येथे शिक्षकाने सावध राहणे अगत्याचे आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या कुटुंबांतील माणसे याच गिरण्यांत कामाला जात होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यांच्या वंशजांना गिरणीचा भोंगा कसा आठवतो, हे विचारल्याशिवाय भोंग्याविषयीच्या हळव्या आठवणी पूर्ण होत नाहीत. १९२० व १९३४ चे संपही सुखी कामगारांनी केलेले नव्हते. स्मृती निवडक असते. म्हणून तिला मुद्रित साधनांशी ताडून पाहावे लागते. साधनांच्या मौनाला स्मृतीने आणि स्मृतीच्या विसराला साधनांनी उत्तर द्यावे, अशी ही देवाणघेवाण आहे.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात, सत्र पद्धतीच्या धावपळीत, इतके बारकाईचे काम कोणी तपासावयाचे? याचे प्रामाणिक उत्तर असे की, सर्वांचे सर्व काम तपासणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. चाळीस पानी वहीऐवजी चार पानांचा मजकूर पुरेसा आहे : एका व्यक्तीचा कामाचा दिवस, तिची वेतनपद्धती, तिला काम कोणी शिकविले आणि तिच्याजवळ कोणते कागद आहेत. चार पाने उतरवून काढणे कठीण असते आणि वाचणे सोपे असते. दरवर्षीच्या निवडक नोंदी ग्रंथालयात क्रमवार जतन केल्यास दहा वर्षांत महाविद्यालयाजवळ असा संग्रह तयार होईल की, ज्याचा संदर्भ पुढील संशोधकाला घ्यावाच लागेल.

समारोप

१५ जून २०२३ रोजी सोलापुरातील सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडण्यात आली. विमानसेवा की कारखाना, या वादाने शहर दीर्घकाळ ढवळून निघाले होते. त्या वादात चिमणीची उंची, धावपट्टीची दिशा, परवानग्या यांविषयी पुष्कळ बोलले गेले. त्याच काळात महाविद्यालयांच्या वर्गांत बसलेल्या ऊस उत्पादक सभासदांच्या मुलांना आणि विमानसेवेमुळे उद्योग येतील अशी आशा बाळगणाऱ्या मुलांना एकत्र बसवून 'विकास कोणाचा, काम कोणाचे' हा प्रश्न अभ्यासविषय म्हणून हाताळण्याची संधी होती. शहर ज्या प्रश्नांवर भांडते ते प्रश्न वर्गात येत नसतील, तर स्थानिक इतिहास हा केवळ परीक्षेपुरता उरतो.

औद्योगिक वारशाचे अध्यापन म्हणजे विद्यार्थ्याला चिमणीकडे बोट दाखविणे इतकेच नाही. गिरणी, माग आणि बिडी यांच्या दरम्यान त्याच्या कुटुंबाने केलेला प्रवास हा या शहराचा इतिहास आहे, ही जाणीव त्याला होणे महत्त्वाचे आहे. ती झाली तर स्वतःच्या पुढील कामाविषयी, मग ते पुण्यातील कंपनीत असो वा येथील गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात, तो काही मूलभूत प्रश्न विचारू शकेल : नियुक्तीचा कागद मिळेल का, पाळी किती तासांची, शिकविणार कोण, आणि काम थांबल्यास पुढे काय. हे प्रश्न विचारण्याची क्षमता निर्माण करणे हे उच्च शिक्षणाचे प्रयोजन मानले, तर त्याची सुरुवात महाविद्यालयाच्या कार्यालयातील त्या फाइलपासून करता येईल. शिक्का मारलेले ते ओळखपत्र एकदा वर्गात आणून वाचले पाहिजे.